मृत्युपत्रे आणि वारसाचे कागद : बुलढाणा जिल्ह्यातील घराण्यांच्या इतिहासाची साधने

घराण्याची वंशावळ दाखवा असे म्हटले की बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांतून पुरुषांच्या नावांची एक साखळी पुढे येते. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, अशी ती खाली उतरत जाते. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही बव्हंशी हाच क्रम आढळतो. वतनाच्या वादात सादर केलेल्या जुन्या वंशावळींचेही तेच आहे. त्या वंशावळी हक्क सांगण्यासाठी तयार झालेल्या होत्या. ज्याचा हक्क नाही त्याचे नाव त्यांत येण्याचे कारण नव्हते. मुली, बहिणी, निपुत्रिक मेलेले चुलते, पहिल्या संबंधाची पत्नी, घरात वाढलेला भाचा, ही सर्व माणसे त्यामुळे कागदावरून नाहीशी झाली.

ही माणसे ज्या कागदात परत भेटतात तो कागद म्हणजे मृत्युपत्र. मरणापूर्वी मालमत्तेची व्यवस्था लावताना माणसाला आपल्या सर्व नात्यांचा हिशेब करावा लागतो. कोणाला काय द्यावयाचे हे सांगताना कोणाला काही द्यावयाचे नाही हेही तो सांगतो, आणि पुष्कळदा त्याचे कारणही नमूद करतो. म्हणूनच इंग्लंडसारख्या देशात घराण्याचा इतिहास शोधणारे लोक प्रथम मृत्युपत्रांच्या सूचीकडे वळतात. तेथे १८५८ पासून प्रोबेटचे काम शासकीय न्यायालयाकडे आले व देशभराची एकच वार्षिक सूची तयार होऊ लागली. मृताचे नाव व मृत्यूचे वर्ष माहीत असले की तेथील शोध बराच सोपा होतो.

बुलढाण्यात मात्र या मार्गाने जाणाऱ्याची निराशा होते. जिल्हा न्यायालयात प्रोबेटची प्रकरणे थोडी सापडतात, आणि त्यावरून येथील लोक मृत्युपत्रे करीत नसत असा समज होतो. तो समज चुकीचा आहे. मृत्युपत्रे आहेत, ती दुसरीकडे आहेत. ती कोठे व का आहेत हे समजण्यासाठी वऱ्हाडचा राज्यकारभार आणि वारसाचा कायदा या दोहोंची थोडी माहिती असणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडची वेगळी स्थिती

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. कारभार इंग्रजांचा असला तरी प्रांतावरील स्वामित्व निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानसाठी केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. तो अधिसूचना काढून स्वतंत्रपणे लागू करावा लागे. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एका शतकात या जिल्ह्याचे कागद इतक्या राजवटींखाली तयार झाले आहेत.

आता कायद्याकडे वळू. हिंदूंच्या मृत्युपत्रांसंबंधीचा १८७० चा कायदा बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अधिकारातील मुलूख आणि मुंबई व मद्रास ही शहरे यांच्यासाठी होता. १८८१ मध्ये प्रोबेटचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे हे सर्व १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात एकत्र करण्यात आले. मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क शाबीत करण्यापूर्वी प्रोबेट घेतलेच पाहिजे ही हिंदूंवरील सक्ती या अधिनियमाच्या २१३ व्या कलमात होती. पण तीही वर सांगितलेल्या प्रदेशांतील मृत्युपत्रांपुरती व तेथील स्थावर मालमत्तेपुरतीच. बुलढाणा, चिखली किंवा मेहकर येथील शेतकऱ्यावर ती कधीच नव्हती. वाद उत्पन्न झाला नाही तर मृत्युपत्र पटवाऱ्याला दाखवून शेताची नोंद बदलून घेतली जाई आणि कागद पुन्हा घरच्या पेटीत जाई.

मृत्युपत्र लेखी असावे, त्यावर करणाऱ्याची सही वा निशाणी असावी आणि दोन साक्षीदारांची साक्ष असावी हा नियमदेखील वरील प्रदेशांबाहेरच्या हिंदू मृत्युपत्रांना १ जानेवारी १९२७ पासून लागला. त्यापूर्वीचे मृत्युपत्र साक्षीविना लिहिलेले किंवा केवळ तोंडी असू शके. अशा तोंडी व्यवस्थेचा पुरावा नंतरच्या एखाद्या दाव्यातील साक्षीतच मिळू शकतो.

मुंबईत घर किंवा गाळा घेतलेल्या बुलढाण्याच्या कुटुंबाची गोष्ट निराळी. तशा कुटुंबाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात शोध अवश्य घ्यावा.

तिसरे पुस्तक

बुलढाणा जिल्ह्याच्या अभ्यासकासाठी सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यालय. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार तेथे दस्तांची निरनिराळी पुस्तके ठेवली जातात. स्थावर मालमत्तेची खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे पहिल्या पुस्तकात येतात. तिसरे पुस्तक केवळ मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचा अधिकार देणारी पत्रे यांच्यासाठी राखलेले आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरीही पुढे भाऊबंद वाद घालतील अशी शंका असणारा माणूस ते नोंदवून ठेवी. दत्तकाचा अधिकार देणारे पत्र मात्र, तो अधिकार मृत्युपत्रातच दिलेला नसेल आणि पत्र १ जानेवारी १८७२ नंतरचे असेल तर, नोंदवणे बंधनकारक आहे.

तिसऱ्या पुस्तकाची सूची हे स्वतःच एक साधन आहे. तीत मृत्युपत्र करणाऱ्याचे व त्याने नेमलेल्या व्यवस्थापकांचे नाव असते. करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्या मृत्युपत्रान्वये हक्क सांगणाऱ्यांची नावेही सूचीत घालावयाची असतात.

हे पुस्तक कोणी पाहावे याविषयी लोकांत व काही वेळा कार्यालयांतही संभ्रम असतो. करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो मरण पावल्यानंतर अर्ज करणाऱ्या कोणाही व्यक्तीला नक्कल मिळू शकते. ती वारस असली पाहिजे अशी अट कायद्यात नाही. मात्र पहिले पुस्तक जसे अर्जदाराला स्वतः चाळता येते तसे तिसरे येत नाही. त्यातील शोध नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यावयाचा असतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला आणि संभाव्य वर्षे नेमकी कळवली तर त्याचे काम पुष्कळ हलके होते. ऑनलाइन शोधावर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तेथे दिसणारी सूची स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांची असते. तिसऱ्या पुस्तकातील मृत्युपत्र तेथे आढळले नाही म्हणजे ते अस्तित्वातच नाही असे होत नाही.

कोणत्या कार्यालयात शोधावे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज जिल्ह्यात १३ तालुके आहेत. १९०५ च्या फेररचनेनंतर ते चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव असे पाचच होते. देऊळगाव राजाचा समावेश चिखली तालुक्यात आणि सिंदखेड राजा व लोणार यांचा मेहकर तालुक्यात होता. शेगाव खामगाव तालुक्यात होते. खामगाव व जळगाव हे दोन तालुके तर १९०५ पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. जळगाव जामोदच्या एखाद्या घराण्याचा १८९० च्या सुमाराचा कागद बुलढाण्यात मिळाला नाही तर अकोल्याची वाट धरावी.

दोन प्रसिद्ध दस्त

जिल्ह्यातील खासगी कुटुंबांची उदाहरणे नावानिशी देणे उचित नाही. नोंदविलेले मृत्युपत्र आणि न्यायालयात गेलेले मृत्युपत्र यांतून काय मिळते ते पुण्याच्या दोन सर्वज्ञात उदाहरणांवरून पाहता येईल.

महात्मा जोतीराव फुले यांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र केले व ते रीतसर नोंदवले. राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते वाचावयास मिळते. ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या व फुले दांपत्याने वाढविलेल्या यशवंत या दत्तक पुत्राचे स्थान या दस्ताने निश्चित केले. तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील लायक मुलाला त्याच्या जागी घ्यावे अशी तरतूद त्यात आहे. आपल्या देहाचे काय करावे याविषयीची इच्छाही आहे. रूढ वंशावळीत यशवंतांच्या नावापुढे फार तर 'दत्तक' एवढा शब्द आला असता. मृत्युपत्रामुळे एका घराची संपूर्ण विचारसरणी हाती येते.

दुसरे उदाहरण ताई महाराज प्रकरणाचे. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्यूपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासह काही विश्वासू मंडळींना व्यवस्थापक नेमले होते. पत्नी गरोदर होती. पुत्र न झाल्यास किंवा तो न जगल्यास दत्तक घ्यावा असे त्यांनी लिहून ठेवले. पुत्र झाला, पण काही आठवड्यांतच वारला. १९०१ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जगन्नाथ महाराजांचा दत्तकविधी झाला. पुढे विधवा ताई महाराजांनी कोल्हापूरकडील दुसरा दत्तक घेतला आणि व्यवस्थापकांना मिळालेले प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला. त्यातून निघालेल्या फौजदारी खटल्यात टिळकांना झालेली शिक्षा १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. दिवाणी वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये संपला आणि जगन्नाथ महाराजांचा दत्तक कायम झाला. राजकीय इतिहासात या प्रकरणाची चर्चा टिळकांच्या संदर्भात होते. घराण्यांच्या अभ्यासकाला त्यात वेगळेच दिसते. पंडित घराण्याच्या शाखा कोठे कोठे पसरल्या होत्या आणि कोणाचे कोणाशी नाते काय, याची शपथेवर तपासणी तब्बल चौदा वर्षे होत राहिली. कुटुंबाला त्या वादाने किती पोळले असेल ते असो. पुढील पिढ्यांसाठी त्याने कागदांचा मोठा साठा मागे ठेवला.

बुलढाण्यातही जेथे वाद झाला तेथे कागद आहे. सामान्य दिवाणी दाव्याखेरीज दोन प्रकारची प्रकरणे शोधावीत. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाची मालमत्ता सांभाळण्यासाठी मागितलेले प्रशासनपत्र हा एक प्रकार, आणि मृताचे येणे किंवा ठेवी वसूल करण्यासाठी लागणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र हा दुसरा. या दोन्ही अर्जांत मृत्यूची तारीख, मृताचे कुटुंब, जवळचे नातलग आणि त्यांची राहण्याची ठिकाणे लिहावीच लागतात. येथे मुलींची नावे टाळता येत नाहीत, आणि त्या सासरी कोणत्या गावी नांदतात हेही सांगावे लागते. अपिलांचे निकाल हवे असतील तर १९३६ पासून १९५६ पर्यंत नागपूर उच्च न्यायालय आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ ही ठिकाणे होत.

कागद वाचण्याची रीत

समजा, चिखली तालुक्यातील एका शेतकऱ्याने १९३८ साली मृत्युपत्र केले आहे. त्यात तो म्हणतो की शेत भावांपासून वाटणीने मिळाले, पहिल्या संबंधाची पत्नी मयत असून तिची मुलगी खानदेशात दिलेली आहे, तिला चोळीबांगडीसाठी दोन एकर तहहयात द्यावेत, दुसरी पत्नी हयात आहे, पुत्रसंतान नाही, मयत भावाचा मुलगा लहानपणापासून जवळ असल्याने उरलेले शेत त्याचे. खाली अर्जनविसाचे नाव, दोन साक्षीदार आणि डाव्या अंगठ्याची निशाणी.

या दहा ओळींतून किती वाटा फुटतात ते पाहावे. वाटणी झाली म्हणजे भाऊ होते. पहिल्या पुस्तकात वाटणीपत्र शोधले तर त्या सर्वांची नावे मिळतील. पहिली पत्नी आणि तिची मुलगी यांचा उल्लेख घरच्या वंशावळीत बहुधा नसेलच. मुलीच्या सासरच्या गावावरून सोयरीक कोणत्या मुलखाशी होती ते कळते. पुतण्या नुसता वारस आहे की पुढे दत्तक गेला, हे पाहण्यासाठी पुढील दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी तपासाव्या लागतील. साक्षीदारही निष्कारण आलेले नसतात. शेजारचा बांधकरी, गावचा पटेल किंवा पत्नीचा भाऊ यांपैकी कोणी ना कोणी तेथे असतो.

मृत्युपत्र मुळात केले का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेतील आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र करण्याची मुभा १७ जून १९५६ पूर्वी नव्हती. तेव्हा त्याआधीचे मृत्युपत्र समोर आले की करणारा विभक्त होता, निपुत्रिक होता किंवा मालमत्ता स्वकष्टार्जित होती, यांपैकी एखादी गोष्ट संभवते. विधवेला पतीच्या मालमत्तेवर त्या काळी मर्यादित हक्क असे. ती मृत्युपत्र करी ते मुख्यतः स्त्रीधनाचे. पाटल्या कोणाला, एकदाणी कोणत्या नातीला, वाळे कोणत्या सुनेला हे तीत येते, आणि घरातील स्त्रियांची यादी याहून चांगली क्वचितच मिळेल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारसा मिळाल्यानंतर चित्र बदलते. काही मृत्युपत्रे मुलींना वगळण्यासाठीच झालेली दिसतात. तीत 'मुलींच्या लग्नात खर्च केला आहे' असे वाक्य हमखास असते. अशा वाक्याने मुलीचा हिस्सा गेला असेल, पण ती होती याची नोंद मात्र राहिली.

उलट बाजूने सावध राहावे. मृत्युपत्रात मुलीचे नाव नाही म्हणून मुलगी नव्हती असा निष्कर्ष काढू नये. मृत्युपत्र नंतर बदललेले असू शकते, कारण शेवटचे तेच खरे धरले जाते. म्हणून गाव नमुना ६ ची फेरफार नोंदवही, ६-क ची वारसा प्रकरणांची नोंदवही, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि त्याआधीची पेरेपत्रके यांच्याशी मृत्युपत्राचा मेळ घालून पाहावा. या कागदांतील 'वल्द' म्हणजे अमुकाचा मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी आणि 'बेवा' म्हणजे विधवा. 'अ. पा. क.' ही अक्षरे दिसली की तो वारस त्या वेळी अज्ञान होता व पुढे लिहिलेली व्यक्ती त्याची पालनकर्ती होती असे समजावे. त्यावरून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांनी तो अंदाज पक्का होतो. ही रजिस्टरे शिक्षकांच्याच ताब्यात असतात.

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत रीत निराळी आहे. वारसांची संमती नसेल तर वसियत मालमत्तेच्या एकतृतीयांशापुरतीच चालते आणि ती तोंडीही असू शकते. तेथे हिबानामा व वक्फचे कागद अधिक उपयोगी पडतात. खामगावात १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला आणि तेथील कापसाची पेठ भरभराटली. बाहेरून आलेल्या व्यापारी घराण्यांच्या मृत्युपत्रांत मूळ गावच्या देवळाला किंवा धर्मशाळेला दिलेली देणगी आढळली तर तेच त्यांच्या मूळ स्थानाचे चिन्ह होय.

जुन्या दस्तांवर शके किंवा फसली सन असतो. शकात ७८ मिळवावेत. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना बहुधा ७९ लागतात. शके १८२० चा माघ म्हणजे इसवी सन १८९९. दख्खनी फसलीत सुमारे ५९० मिळवावे लागतात. या एका बेरजेच्या चुकीने लोक भलत्याच वर्षाची सूची तपासून हात हलवीत परततात.

लिपीची अडचण याहून मोठी आहे. जुने कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा ही उणीव सर्वांच्याच ध्यानात आली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. पंचायत समितीच्या क्षेत्रात दोन शिक्षक जरी तयार झाले तरी अनेक गावांची सोय होईल. घरच्या पेटीतील कागद तर कोणत्याच कार्यालयाच्या यादीत नाहीत. वाळवी व पावसाचे पाणी त्यांचा निकाल लावत असते. असे कागद घडीवर फाटण्याआधी सपाट करून ठेवावेत, त्यांवर चिकटपट्टी लावू नये आणि त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत.

शेवटी एक ठिकाण सांगावयाचे राहिले, जेथे फारच थोडे लोक पोहोचतात. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून जमा करता येते. अशा पाकिटांची नोंद पाचव्या पुस्तकात असते. करणारा वारल्याची खात्री झाल्यावर अर्जदाराच्या समक्ष पाकीट उघडले जाते, त्याच्या खर्चाने मजकूर तिसऱ्या पुस्तकात उतरवला जातो आणि मूळ कागद पुन्हा ठेवीत जातो. आजोबांनी काही लिहून ठेवले होते असे घरात नुसते बोलले जाते आणि कागद कोठेच मिळत नाही, अशा कुटुंबाने आजोबांचा मृत्यूचा दाखला घेऊन जिल्हा निबंधकाकडे पाचव्या पुस्तकाची एकदा चौकशी करावी.